चढावरचा सिग्नल

३ जून

वन्सं,

मागच्या आठवड्यातच आपण फोनवर बोललो आणि आज पत्र कसं, असं तुम्हाला वाटेल. पण आपण बोललो म्हणजे मी बोलले आणि तुम्ही "काय? कोण?" म्हणत राहिलात. चौतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांनी तुमच्या कानाशी हॉर्न वाजवले, त्याला तुम्ही तरी काय करणार. शिवाय मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आमच्या भिंतीपलीकडे दंतवैद्यांची वेटिंग रूम आहे आणि तिथल्या लोकांना दुसरं काही काम नसतं.

तर, चिरंजीव वीस सप्टेंबरला येतोय. ह्यांची गाडी विकणार आणि मला त्याच्या शहरात नेऊन ठेवणार, असं त्याने ठरवलंय. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, गाडी शेडमध्ये धूळ खातेय, घर टेकडीच्या डोक्यावर, या वयात पडदे शिवायची गरजच काय, असं सगळं तो मला समजुतीच्या सुरात सांगतो. तो सूर ऐकला की माझं डोकं फिरतं. गरज मला आहे. नव्या लॉजच्या चोवीस खोल्यांचे पडदे आत्ता माझ्याकडे आहेत. कापडाचे तागे खालच्या बाजारातून वर आणायचे आणि शिवलेलं खाली पोचवायचं, हे काम ह्यांचं होतं. हल्ली टेम्पोवाल्याच्या विनवण्या करते, तो आठवड्यातून एकदा उगवतो. चिरंजीवाच्या फ्लॅटमध्ये माझ्या मशीनला जागा म्हणजे गॅलरी, तीही अर्धी कपडे धुण्याच्या यंत्राने अडवलेली. तिथे गेले की माझं काम संपलं, आणि काम संपल्यावर मी दिवसभर करू काय?

लायसन्स आहे. बावीस वर्षांपूर्वी सुट्टीत तुम्हीच शिकवून काढून दिलंत. पण ते तुमच्या गावात, जिथे रस्त्यावर गोटी ठेवली तर संध्याकाळी तिथेच सापडेल. इथे ह्यांनी लायसन्सचं नूतनीकरण वेळच्या वेळी करून आणलं, गाडी मात्र हातात दिली नाही. "चढावर घाबरशील," म्हणायचे. आमचा चढ तुम्ही पायी चढलाय, तीनदा बसलात. त्याच्या ऐन मध्यावर शाळेचं फाटक आहे आणि फाटकासमोर सिग्नल. लाल लागला की तिथेच थांबायचं आणि तिथूनच परत गाडी उचलायची. तळ्याकडून येणारा लांबचा रस्ता पुलाच्या दुरुस्तीसाठी गेल्या वर्षीपासून बंद आहे, नाहीतर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

मला पत्राने शिकवा. चिरंजीवाला कळू देऊ नका.

तुमची वहिनी

९ जून

वहिनी,

अगं, त्रास कसला. मी अकराशे माणसं शिकवली, त्यांत एक तर डोळे मिटून गाडी वळवायचा. तुझ्यात त्याच्यापेक्षा नक्कीच जास्त दम आहे.

नीट वाच. चढावर गाडी उभी आहे, हँडब्रेक ओढलेला आहे. डाव्या पायाने क्लच पूर्ण दाब, पहिला गिअर टाक. आता हँडब्रेक सोड. मग क्लच सावकाश वर घे आणि उजव्या पायाने पेट्रोल दे. गाडी चालू लागेल. घाई करायची नाही, श्वास रोखायचा नाही, आणि मागच्या गाड्यांच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही. ते मी आयुष्यभर केलंय, फक्त कानांना ते कळलं नाही.

हा क्रम तोंडपाठ कर. रोज चाळीस मिनिटं सराव. प्रगती कळवत जा. खोटं लिहू नकोस, मला शिकाऊंचं खोटं वासावरून कळतं.

चिरंजीवाला मी कशाला सांगू? माझ्या तोंडून आजवर कुणाचं काही बाहेर गेलं नाही.

तुझी वन्सं

२८ जून

वन्सं,

तुमची विद्यार्थिनी म्हणून मला अभिमान वाटू लागलाय. रोज सकाळी चहाआधी चाळीस मिनिटं न चुकता करते. क्लच, गिअर, हँडब्रेक, क्लच, पेट्रोल. हातपाय इतके सरावलेत की काल मशीनवर बसल्यावर डावा हात आपोआप गिअर शोधायला गेला आणि कात्री खाली पडली. गाडी अजून एकदाही बंद पडलेली नाही. दंतवैद्य दोनदा कुंपणावरून डोकावून गेले. "प्रगती दिसते," म्हणाले, आणि गेले. बोलायला त्यांच्याकडे वेळ नसतो, समोरच्याचं तोंड उघडं असेल तरच ते बोलतात.

लॉजचे नऊ खोल्यांचे पडदे झाले. नेणार कसे ते बघू.

वहिनी

४ जुलै

वहिनी,

अकराशे शिकाऊंमध्ये असा एकही झाला नाही, की ज्याची गाडी पहिल्या महिन्यात एकदाही बंद पडली नाही. मी दोन दिवस विचार केला. चालू गाडी बंद पडते. न पडण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे.

इंजिन सुरू केलंयस का?

वन्सं

२२ जुलै

वन्सं,

नव्हतं केलं.

शेडमध्ये बसायचे आणि करायचे सगळं. किल्ली लावायची, पण फिरवायची नाही. फिरवली की गाडी खरी होते, अशी भीती वाटायची. तुमचं पत्र आलं त्या दिवशी लाजेने लाल झाले, मेकॅनिकला बोलावून बॅटरी बदलून घेतली आणि किल्ली फिरवली. आधी आठ दिवस वरच्याच सपाट गल्लीत फिरवली, सोळा वेळा बंद पडली. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून आकडा देतेय.

मग परवा खाली गेले. उतरताना काही अडचण नाही, उतरायला कोणीही उतरतं. बाजारातून सहा तागे घेतले, मागच्या सीटवर रचले आणि वर निघाले. सिग्नल लाल. थांबले. मागे बेकरीची व्हॅन, तिच्यामागे एक स्कूटर, स्कूटरमागे सिलिंडरचा टेम्पो. हिरवा लागला. तुमचा क्रम एका दमात म्हटला. क्लच, गिअर, हँडब्रेक सोडला. क्लच वर घ्यायच्या आधीच गाडी मागे निघाली.

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्या अकराशेंपैकी कोणी केलं नसेल. मी दोन्ही पाय उचलून क्लचवर ठेवले आणि सगळा जीव एकवटून दाबले. चाळीस वर्षं पायमशीनवर बसतेय, वन्सं. गडबड झाली की दोन्ही पाय एका पायट्यावर जातात आणि मशीन थांबतं. गाडी मात्र अशाने थांबत नाही, ती मोकळी सुटते. मी मागे, माझ्यामागे बेकरीची व्हॅन मागे, तिच्यामागे स्कूटर, तिच्यामागे टेम्पो, अशी आमची मिरवणूक सगळा चढ उलटी उतरली. चढ संपल्यावर गाडी चष्म्याच्या दुकानासमोर पदपथाला टेकून आपणहून उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही. वाहतूक पोलीस आला, त्याने वाकून चाक आणि पदपथ यांतलं अंतर पाहिलं. "बाई, इतकं सरळ पार्किंग सरळ येणाऱ्यांनाही जमत नाही," म्हणाला. मग मला पाणी दिलं.

गाडी दंतवैद्यांनी वर आणून दिली. 

मी हात टेकले. मला सारखे हे आठवतात. ह्यांच्या हातात गाडी असली की मी डोळे मिटून बसायचे. आणि कुठूनही येताना हे तळ्याकडून यायचे, सहा किलोमीटरचा वळसा घालून. एवढं लांबून कशाला, म्हटलं की म्हणायचे, "दिवसभर मशीनवर मान खाली असते तुझी. जरा लांबचं बघ, पाणी बघ." तेवीस वर्षं मला चढाची भीती म्हणून कधी कळू दिली नाही. असा माणूस गेला, आणि मी त्यांच्या गाडीने बेकरीची व्हॅन मागे ढकलत नेते. मला त्यांची आठवण येते, वन्सं, फार येते. त्यांच्या सीटवर बसायची माझी लायकी नाही.

चिरंजीवाला लिहितेय की गाडी वीस तारखेला कशाला, आधीच विक.

वहिनी

२८ जुलै

वहिनी,

ते पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तर दुसरं टाक, की पहिलं खोटं होतं.

मी कालपासून चार कागद फाडले. दादाला मी शब्द दिला होता, तो आज मोडतेय. तो असता तर माझ्याशी महिनाभर बोलला नसता. पण तो नाही आणि तू आहेस, म्हणून मोडतेय.

दादाला तो चढ जमत नव्हता.

तुम्ही घर घेतलंत त्या पहिल्याच महिन्यात तो त्या सिग्नलवरून मागे आला होता. मागे पाण्याचा टँकर होता. टँकरवाल्याने खाली उतरून दादाची गाडी वर नेऊन दिली, तुला दंतवैद्यांनी दिली तशीच. तेव्हा मला ऐकू यायचं. त्याचा फोन आला. मी त्याला पत्राने शिकवलं. वहिनी, ९ जूनला तुला लिहिलेलं पत्र आणि तेव्हा त्याला लिहिलेलं पत्र एकच. मी नक्कल ठेवली होती, तीच उतरवून काढली. तोही तीनदा मागे आला. मग त्याला तळ्याकडचा रस्ता सापडला. मला म्हणाला, "हिला सांगितलंय की पाणी दिसतं म्हणून तिकडून जातो. तू मध्ये तोंड घालू नकोस." मी घातलं नाही.

आता दुसरं, जे दादालाही माहीत नव्हतं. मी आयुष्यात कधी चढावर गाडी सुरू केलेली नाही. आमच्या गावात चढ आहे कुठे? मी अकराशे लोकांना चढ म्हणून जो शिकवला तो इस्पितळाच्या दारातला उतार, अँब्युलन्स आत जायला केलेला. मोजून नऊ पावलं. तिथे हँडब्रेक आधी सोडला तरी गाडी विचार करत उभी राहते. तुमच्या चढाला तेवढा धीर नाही, हे मला दोन माणसं मागे आल्यावर कळलं.

तेव्हा लायकीबियकीचं मनात आणू नकोस. त्या सीटवर बसणारा तुझ्याइतकाच घाबरट होता आणि शिकवणारी तर त्याहून बेकार होती. माझ्यावर रागव, पण गाडी विकू नकोस.

तुझी वन्सं

७ ऑगस्ट

वहिनी, पत्र मिळालं का? उत्तर नाही. मी फोन केला होता, तू काहीतरी बोललीस आणि ठेवलास. काय बोललीस ते ऐकू आलं नाही, पण सूर कळला.

वन्सं

१९ ऑगस्ट

वहिनी,

मी चूक केली. तुझ्याकडे त्याचं एक छान काही होतं, ते मी फोडून टाकलं. रोज दुपारी पोस्टमनची वाट बघते आणि तो वीजबिल देतो. दोन ओळी लिही. शिव्या दे हवं तर.

वन्सं

३१ ऑगस्ट

वन्सं,

शिव्या द्यायच्याच होत्या. पंधरा दिवस तुमच्यावर रागावले होते, आणि पुढचे चार दिवस ह्यांच्यावर. तेवीस वर्षं मी मैत्रिणींना सांगत आले, की आमचे हे मला पाणी दाखवायला वळसा घालतात. त्यांतल्या दोघींची त्यावरून आपापल्या नवऱ्यांशी भांडणं झालीत. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?

पाचव्या दिवशी कुलपाची किल्ली मोडली, म्हणून सिग्नलशेजारच्या किल्लीवाल्यांकडे गेले. चौदा-पंधरा वर्षं ते तिथे बसतात, त्याआधी मालवाहू ट्रक चालवायचे. त्यांनी माझी उलटी मिरवणूक पाहिली होती. किल्ली घासता घासता म्हणाले, "साहेबांची गाडीही सुरुवातीला अशीच मागे जायची." मी स्टुलावर बसलेच.

वन्सं, हे रविवारी पहाटे चाकांत हवा भरायला म्हणून जायचे. एवढी हवा लागते कशी, असं मला नेहमी वाटायचं. हे इथे यायचे. किल्लीवाले मागच्या चाकाजवळ दगड घेऊन उभे राहायचे, गाडी मागे आली की दगड लावायचे, आणि हे पुन्हा सुरू करायचे. चार महिने. पाचव्या महिन्यात जमलं. नुसतं जमलं नाही, तर पुढे शेखी म्हणून चहाचा भरलेला पेला समोर ठेवून चढायचे आणि वर जाऊन किती सांडला ते बघायचे. किल्लीवाले म्हणतात, शेवटी शेवटी थेंब सांडत नसे.

मी घरी आले आणि हिशोब... जाऊ दे, बोटांवर मोजलं. बारा वर्षं, वन्सं. बारा वर्षं ह्यांना हा चढ येत होता, आणि तरी मला घेऊन निघाले की गाडी तळ्याकडे वळवायचे. का ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगू नका. मला जे वाटतंय ते मला राहू दे. त्या रात्री मी खूप रडले आणि सकाळी उठून लॉजच्या दहाव्या खोलीचे पडदे शिवले.

आता कामाचं. तुमचा क्रम उलटा आहे. किल्लीवाले म्हणतात, हँडब्रेक सगळ्यांत शेवटी सोडायचा. आधी थोडं पेट्रोल, मग क्लच इतकाच वर घ्यायचा की गाडी अंग आवळते आणि पुढचं नाक जरा उचलतं. नाक उचललं की मग ब्रेक सोडायचा. ऐकल्याबरोबर मला कळलं. पायमशीन सुरू करताना आपण आधी हाताने चाकाला पुढची ओढ देतो, मगच पाय मारतो, नाहीतर चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. हे मला चाळीस वर्षं येत होतं, विचारलं कोणी नाही.

रोज सकाळी जाते. किल्लीवाले दगड घेऊन उभे असतात. दहांतून सात वेळा जमतं. चिरंजीवाला ते पत्र टाकलं नव्हतं.

तुमचीच, वहिनी

६ सप्टेंबर

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मलाही रडू आलं, आणि मग दादाचा असा राग आला की विचारू नकोस. बारा वर्षं तो मला बोलला नाही. मी दर भेटीत त्याला चिडवायचे, "काय दादा, तळं कसं आहे?" आणि तो निमूट हसायचा. मला वाटायचं, बिचारा ओशाळलाय. उलट तोच मला हसत होता.

क्रमाबद्दल म्हणशील तर बरोबर आहे. आता अकराशे लोक कुठे कुठे मागे येत असतील, त्याचा विचार करून माझी झोप उडालीय. दहांतून सात म्हणजे पुरेसं नाही. वीस तारखेला उरलेल्या तिनांतलं एक निघालं तर चिरंजीव तुला तिथूनच स्टेशनवर परत नेईल.

वन्सं

२२ सप्टेंबर

वन्सं,

उरलेल्या तिनांतलंच एक निघालं.

चिरंजीव आगगाडीतून उतरला, मला स्टेशनबाहेर ह्यांच्या गाडीशी उभी पाहिलं आणि टॅक्सी बघू लागला. मी म्हटलं, बस. तो बसला आणि पट्टा लावून दोन्ही हातांनी धरून राहिला. सिग्नलपर्यंत आलो. लाल. मागे कॉलेजची बस. हिरवा लागला, मी पेट्रोल कमी दिलं आणि इंजिन बंद पडलं. बसवाल्याने हॉर्न लावून धरला. चिरंजीवाचा हात हँडब्रेककडे गेला.

"आई, उतर. मी बसवाल्याला बोलावतो."

"हात काढ," मी म्हटलं.

त्याने काढला नाही. "आई, बाबांना इथे कधीच जमलं नाही. तुला कसं जमेल? आत्याने मला सांगितलंय सगळं, मी कॉलेजात असताना. म्हणून तर तुला इथे एकटीला ठेवायची मला भीती वाटते."

वन्सं, तुमच्या तोंडून आजवर कुणाचं काही बाहेर गेलं नाही, असं तुम्हीच लिहिलं होतंत. ते पत्र माझ्याकडे आहे. त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

पण त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. पंधरा वर्षं हा मुलगा बापाची भीती मनात धरून बसला होता, आणि बापाने ती कधीच टाकून दिलेली. मी त्याला म्हटलं, "बाबांना हा चढ येत होता. माझ्यासाठी ते तळ्याकडून जायचे. आता हात काढ." त्याने काढला. मी इंजिन सुरू केलं, पण हिरवा गेला होता, पुन्हा लाल.  हिरवा लागला. पेट्रोल, क्लच, नाक उचललं, ब्रेक सोडला. गाडी एक बोटही मागे गेली नाही. किल्लीवाले दगड हातात घेऊन उभे होते, त्यांनी तो खाली ठेवला.

 घरी आल्यावर चिरंजीवाने मी स्टेशनवर जाताना बाजारातून घेतलेले तागे उतरवून आत आणले, मशीन बघितलं, गाडीभोवती एक फेरी मारली. मग गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. जेवताना हळूच म्हणाला, त्याची गाडी गिअर आपोआप बदलणारी आहे आणि ती त्याने मुद्दाम तशीच घेतली, कारण त्यालाही चढ येत नाही. मला शिकवशील का, असं विचारलं. डिसेंबरात आठ दिवस येतोय.

मी हो म्हटलं, पण पहिला नंबर त्याचा नाही. तुम्ही पुढच्या गुरुवारच्या गाडीने या. मी स्टेशनवर घ्यायला येते. रविवारी सकाळी सहाला सिग्नलवर जायचं, सपाट तळव्याच्या चपला आणा. कान नसले तरी चालेल, किल्लीवाले हाताने खुणा करतात.

वहिनी